समुद्राखालची धुराडी आणि त्यांच्या पोटात साठणारं तांबं

सप्टेंबर २०२५मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी एक करार केला. हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग रिज या पाण्याखालच्या पर्वतरांगेवर ‘पॉलिमेटॅलिक सल्फाइड’ शोधण्याची मुभा त्यातून मिळाली. असाच पहिला करार २०१६ साली झाला होता. बातमीत शब्द आला खरा, पण हे सल्फाइड म्हणजे काय, ते समुद्राच्या तळाशी आलं कुठून आणि ज्वालामुखीचा त्याच्याशी काय संबंध, हे सांगायचं राहूनच गेलं. अशा बातम्यांसोबत काळाकुट्ट धूर ओकणाऱ्या धुराड्याचं चित्र मात्र हमखास असतं. ते पाहून वाटतं, जिथे धूर तिथे धातू. खरं तर तो धूर म्हणजे हातचा निसटून चाललेला धातू आहे. साठतो तो धुराच्या खाली, नजरेआड.

आधी त्या जड शब्दाचा निकाल लावू. सल्फाइड म्हणजे गंधकाशी जोडला गेलेला धातू. लोखंड, तांबं, जस्त, शिसं असे अनेक धातू गंधकाला धरून एकाच ढिगाऱ्यात बसले की ते पॉलिमेटॅलिक सल्फाइड. सोनं-चांदीही त्यात असते, पण अगदी थोडी. यापुढे मी नुसतं सल्फाइड म्हणेन. दुसरा शब्द हायड्रोथर्मल. त्याचा अर्थ इतकाच, की हे काम गरम पाण्याने केलेलं आहे.

## धातू येतो कुठून?

शिलारसातून सरळ तांबं वर येतं आणि समुद्रात थिजतं, असा अनेकांचा समज असतो. बहुतेक ठिकाणी तसं होत नाही. शिलारस पुरवतो ती मुख्यतः उष्णता. धातू खडकात आधीपासून विखुरलेला असतो आणि त्याला गोळा करणारा हमाल म्हणजे समुद्राचं पाणी.

महासागरांच्या तळाशी सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीची ज्वालामुखी पर्वतरांग पसरलेली आहे. तिथे जमिनीचे पापुद्रे, म्हणजे भूपट्ट, एकमेकांपासून दूर सरकतात आणि फटीतून शिलारस वर येऊन नवा तळ तयार होतो. नव्या बेसॉल्ट खडकाला असंख्य भेगा असतात. दोन अंश तापमानाचं थंड समुद्रपाणी त्या भेगांतून एकेक, दोन-दोन किलोमीटर खाली मुरतं. खाली शिलारस सुमारे १,२०० अंशांवर धुमसत असतो. त्याच्या जवळ पोचेपर्यंत पाणी सेल्सिअसच्या ३५० ते ४०० अंशांपर्यंत तापतं, हलकं होतं आणि वर उसळी घेतं. चुलीवरच्या पातेल्यात तळाचं पाणी तापून वर येतं आणि वरचं थंड पाणी खाली जातं, तेच हे चक्र. इथे पातेलं खडकाचं आहे आणि झाकण अडीच-तीन किलोमीटर पाण्याचं.

या प्रवासात पाण्याचा स्वभावच पालटतो. समुद्रातलं मॅग्नेशियम खडकात अडकून राहतं. ऑक्सिजन संपतो. पाणी आम्लधर्मी होतं. मीठ मात्र पाण्यातच राहतं आणि ते फार महत्त्वाचं आहे, कारण मिठातला क्लोरीन खडकातून सुटलेल्या धातूला धरून ठेवतो. गरम, आंबट आणि खारट पाण्यापुढे बेसॉल्टचं काही चालत नाही. त्यातलं तांबं, जस्त, लोखंड सुटून पाण्यात येतं. सोबत हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्यासारखा वास असलेला वायू, विरघळलेला असतो. म्हणजे धातूही पाण्यात आणि गंधकही त्याच पाण्यात. तरी दोघं एकमेकांना बिलगत नाहीत, कारण तेवढ्या उष्णतेत आणि आंबटपणात विरघळून राहणंच त्यांना सोपं जातं.

पाणी थंड झालं, की सगळंच बदलतं.

## ३५० अंशांचं पाणी, आणि वाफ होत नाही?

ही शंका अगदी रास्त आहे. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळच्या समुद्रात, सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर, ‘अल्विन’ या छोट्या पाणबुडीतून शास्त्रज्ञांनी असे झरे पहिल्यांदा पाहिले. ते नुसते कोमट होते. दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, मेक्सिकोच्या पश्चिमेला पूर्व प्रशांत पर्वतरांगेवर हीच पाणबुडी काळ्या लोटांपाशी पोचली. तापमापकाची कांडी त्या लोटात धरली आणि वर आल्यावर पाहिलं, तर तिचं प्लास्टिकचं टोक वितळलेलं. त्या पाणबुडीच्या खिडक्याही अॅक्रिलिकच्या होत्या, आणि ती त्या लोटांपासून हाताच्या अंतरावर तरंगत होती. पुढे जास्त तापमान सोसणारी कांडी नेऊन मोजलं, तेव्हा आकडा ३५० अंशांच्या आसपास आला.

इतकं गरम पाणी पाणीच राहतं ते दाबामुळे. कुकरमध्ये दाब वाढला, की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. अडीच किलोमीटरवर तो सुमारे २५० पट होतो. तिथे ३५० अंशांनाही पाणी उकळत नाही. खोली कमी झाली, की हे संरक्षण जातं आणि पाणी वाटेतच उकळू लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण कोणत्या ज्वालामुखीवर कोणता धातू मिळेल हे पुष्कळदा यावरच ठरतं.

## धुराडं कसं उभं राहतं?

गीझरच्या कॉइलवर पांढरा क्षार चढतो, तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. कॉइलवर बसणाऱ्या क्षारांचं उलटं असतं: पाणी तापलं, की ते विरघळलेले राहू शकत नाहीत आणि तापलेल्या पृष्ठभागावर चिकटतात. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि सल्फेट असतं. ते पाणी सुमारे १५० अंशांच्या वर तापलं, की या दोघांपासून अनहायड्राइट नावाचा पांढरा खनिज पदार्थ तयार होतो. हा जिप्समचा बिनपाण्याचा भाऊ.

आता तळातून गरम पाण्याची धार वर फुटते. तिच्या कडेचं थंड समुद्रपाणी एकदम तापतं आणि धारेभोवती अनहायड्राइटचं कडं बसतं. कड्यावर कडं चढत जातं आणि नळी उभी राहते. हा धुराड्याचा सांगाडा. एकदा ही भिंत झाली, की आतली धार बाहेरच्या थंड पाण्यापासून वाचते आणि भिंतीला आतून धातूचं अस्तर बसू लागतं.

अशा धुराड्याचा आडवा काप पाहिला, तर तापमानाचा सगळा इतिहास त्यात वाचता येतो. मधल्या पोकळीला लागून पितळेसारखं झळाळणारं चाल्कोपायराइट असतं. ते तांबं, लोखंड आणि गंधक यांचं, आणि बहुधा ३०० अंशांच्या वरच बसतं. त्याच्या बाहेर, जिथे भिंत थोडी गार आहे तिथे, जस्ताचं सल्फाइड, काळसर-तपकिरी. त्यात मिसळलेलं फिकट सोनेरी पायराइट, म्हणजे लोखंडाचं सल्फाइड. सर्वांत बाहेर अनहायड्राइटची पांढरट साल. बोटभर जाडीच्या भिंतीत आतून बाहेर येताना शेकडो अंशांचा उतार आहे आणि प्रत्येक धातूने आपापली पायरी पकडलेली आहे. मला या सगळ्या विषयात याहून सुंदर गोष्ट दुसरी दिसत नाही.

ही धुराडी भराभर वाढतात. वर्षभरात काही मीटर वाढलेली पाहिली गेली आहेत. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेला ज्वान दे फुका पर्वतरांगेवरचं ‘गॉडझिला’ नावाचं धुराडं सुमारे ४५ मीटर उंच होतं. पुढे ते कोसळलं. अनहायड्राइट गार पाण्यात पुन्हा विरघळतो, त्यामुळे धार बंद पडली की सांगाडाच पोखरला जातो.

## मग तो काळा धूर काय असतो?

धूर नसतोच. गरम पाणी धुराड्याच्या तोंडातून दोन अंशांच्या समुद्रात उसळतं, क्षणात थंड होतं, त्याचा आंबटपणा मोडतो, आणि विरघळलेला धातू व गंधक एकत्र येऊन बारीक काळे कण होतात. हे कण लोटाबरोबर शेकडो मीटर वर चढतात, मग आडवे पसरतात आणि कित्येक किलोमीटर लांब जाऊन चिखलात मिसळतात. धातूचा फार मोठा भाग असाच वाया जातो.

किती विरळ माल आहे, याचा अंदाज एका हिशोबाने येईल. अशा एका लिटर पाण्यात तांबं असतं काही मिलिग्रॅम. समजा तीन मिलिग्रॅम धरलं, आणि त्यातला कणन् कण खाली पकडता आला, तरी एक टन तांब्यासाठी सुमारे ३३ कोटी लिटर पाणी त्या भेगांतून वाहायला हवं. ऑलिंपिकचे १३० हून अधिक तरणतलाव. धुरातून जे निसटतं ते धरलं, तर पाणी याच्या अनेक पट लागेल. म्हणून ‘इथे झरा आहे’ एवढ्याने साठ्याबद्दल काहीच ठरत नाही. पाणी किती वर्षं वाहिलं आणि तळाशी अडलं किती, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत.

## धुराडं म्हणजे खाण नव्हे

अटलांटिक महासागराच्या मध्यावर, साधारण २६ अंश उत्तरेला, ३,६०० मीटरहून अधिक खोलीवर ‘टॅग’ नावाचा एक ढिगारा आहे. व्यास सुमारे २०० मीटर, उंची सुमारे ५०. १९९४ साली महासागर संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेने त्यात भोकं पाडून आतला माल वर आणला. तोवर ढिगारा म्हणजे पडलेल्या धुराड्यांची रास, असंच साधारण चित्र होतं. आतून वेगळंच निघालं.

कोसळलेले तुकडे त्यात होतेच. पण त्या तुकड्यांमध्ये समुद्रपाणी झिरपत होतं, खालून येणाऱ्या गरम पाण्याला ढिगाऱ्याच्या पोटातच भेटत होतं, आणि धातू बाहेर पडायच्या आतच तिथे बसत होता. अनहायड्राइटही ढिगाऱ्यात भरपूर सापडला. तो आतून ढिगाऱ्याला टेकू देतो. झरा बंद पडला की तो विरघळतो, आतला भाग ढासळतो, तुकड्यांचा चुरा होतो, आणि झरा पुन्हा सुरू झाला की तोच चुरा नव्या सल्फाइडने सांधला जातो. टॅगवर ही बंद-चालू किमान काही दहा हजार वर्षं चालू आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ढिगारा आपला माल स्वतःच निवडतो. खालून नव्याने येणारं तापलेलं पाणी आधी बसलेलं जस्त पुन्हा विरघळवतं आणि बाहेरच्या, गार कडेकडे ढकलतं. त्याच्या जागी तांबं आणि लोखंड बसतं. सोनंही असंच बाहेर सरकतं. म्हणून टॅगच्या वरच्या सालीतले नमुने जस्त आणि सोन्याने भरलेले दिसतात, आणि आत मात्र बहुतांश पायराइट, म्हणजे स्वस्त लोखंड. वरवरचे चार तुकडे उचलून साठ्याचा भाव काढणाऱ्यांनी हे विसरू नये. सगळा ढिगारा ३० ते ४० लाख टनांच्या घरात आहे, आणि त्यात तांबं जेमतेम काही टक्के.

ढिगाऱ्यावर झाकण असेल, तर काम आणखी चांगलं होतं. ज्वान दे फुकावरच्याच ‘मिडल व्हॅली’त खडकावर गाळाचा जाड थर आहे. गरम पाणी गाळात अडलं, आणि तिथे जवळपास १०० मीटर जाडीचं सल्फाइड सापडलं. तांबड्या समुद्रात तर झाकण पाण्याचंच आहे. ‘अटलांटिस-२’ या खोल खड्ड्यात अतिखारट, जड, गरम पाणी तळ्यासारखं साचलंय. झऱ्याचा माल त्यात अडकतो, लोट होऊन वर जात नाही, आणि खाली धातूचा चिखल बसतो. सुकवला तर सुमारे ९ कोटी टन भरेल असा अंदाज आहे. समुद्रतळावरचा हा असा सर्वांत मोठा ज्ञात साठा, आणि तिथे धुराड्यांचं ते प्रसिद्ध चित्र काढायला काही नाही.

## ज्वालामुखी बदलला, की मालही बदलतो

आतापर्यंतचं वर्णन पर्वतरांगांचं होतं. समुद्रातले एकेकटे शंकूसारखे ज्वालामुखी, विशेषतः जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो तिथले, वेगळे वागतात. खाली घुसणारा पट्टा आपल्यासोबत पाणी नेतो, त्यामुळे तिथला शिलारस वायूंनी भरलेला असतो. हे वायू वर येऊन झऱ्यात मिसळतात. म्हणजे इथे शिलारस फक्त चूल पेटवत नाही, पातेल्यात स्वतःही काही टाकतो. गंधकाचा वायू पाण्यात विरघळून सल्फ्युरिक आम्ल होतं. काही ठिकाणी गंधक इतका, की तो वितळून साचतो: प्रशांत महासागरातल्या मारियाना बेटांच्या रांगेत दायकोकू ज्वालामुखीवर २००६ साली वितळलेल्या गंधकाचं डबकं पाहिलं गेलं.

न्यूझीलंडच्या ईशान्येला ‘ब्रदर्स’ नावाचा ज्वालामुखी आहे. त्याचं माथ्यावरचं तोंड खचून सुमारे तीन किलोमीटर रुंद खोलगट झालंय. त्या खोलगटाच्या कडेच्या भिंतीवर ३०० अंशांची धातूने भरलेली काळी धुराडी आहेत. आणि त्याच खोलगटातल्या मधल्या शंकूवर? तिथे पाणी बरंच गार, अतिशय आंबट, वायूंनी फसफसणारं, पांढरट, गंधकाचं. एकाच डोंगरावर, नजरेच्या टप्प्यात, दोन निराळे कारखाने. २०१८ साली तिथेही भोकं पाडून खडक बाहेर काढले गेले.

उथळ ज्वालामुखीवर मघाची उकळण्याची गोष्ट कामाला येते. ग्रीसमधल्या सँटोरिनीजवळचा कोलुंबो पाहा. तिथले झरे सुमारे ५०० मीटर खोलीवर आहेत. तिथे ३५० अंशांचं पाणी पाणी म्हणून टिकणारच नाही. वर येता येता उकळेल, वाफ सुटेल, आणि तांबं वाटेतच खडकात बसेल. कोलुंबोच्या धुराड्यांचं पाणी मोजलं तर २२० अंश. त्या धुराड्यांत सोनं, चांदी, अँटिमनी, आर्सेनिक, पारा यांचं प्रमाण मोठं आहे, कारण हे धातू कमी तापमानातही वरपर्यंत पोचतात. वर सोनं दिसलं म्हणजे तांबं नाही असं समजू नये. ते खाली राहिलं असू शकतं.

## समुद्रतळावरच्या गाठी याच ना?

नाहीत. बातम्यांत ही गल्लत सतत होते. मँगनीजच्या गाठी खोल, सपाट, शांत मैदानांवर सुट्या पडलेल्या असतात आणि दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. विझलेल्या समुद्री डोंगरांच्या उघड्या खडकांवर कोबाल्टयुक्त पापुद्रे चढतात, तेही तितक्याच संथपणे. दोन्हींना गरम झऱ्यांची गरज नाही. सल्फाइड घडतं ते ज्वालामुखीच्या उष्णतेने, आणि त्या दोघांच्या मानाने झपाट्याने.

## मग समुद्रात न संपणारं तांबं आहे का?

जगभरच्या ज्वालामुखी पट्ट्यांतल्या सल्फाइडचा २०११ साली मांडलेला एक गाजलेला अंदाज सुमारे ६० कोटी टनांचा आहे. त्यात तांबं आणि जस्त मिळून सुमारे ३ कोटी टन. जमिनीवरच्या खाणी हे दोन धातू मिळून साधारण एवढेच दरवर्षी काढतात. जुने, विझलेले, गाळाखाली गेलेले साठे या आकड्यात पूर्ण धरलेले नाहीत, त्यामुळे खरा आकडा बराच मोठा असू शकतो. पण ‘न संपणारं भांडार’ ही भाषा आज कुणी वापरत असेल, तर तिला या घडीला आधार नाही.

आणि असं सल्फाइड माणूस हजारो वर्षं खणतोच आहे, फक्त जमिनीवर. सायप्रसमधला ट्रूडोस डोंगर म्हणजे सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ, भूपट्टांच्या रेट्याने वर आलेला. तिथल्या तांब्याच्या खाणी म्हणजे याच झऱ्यांचे जुने ढिगारे. तांब्याचं लॅटिन नाव ‘कुप्रम’ सायप्रसवरूनच पडलं.

## आपोआप तयार होतं, तर काढायला हरकत काय?

धुराडं काही वर्षांत पुन्हा उभं राहील, हे खरं. पण खाणीला हवा तो ढिगारा, आणि त्याला हजारो वर्षं लागतात. दुसरं, चालू झऱ्यावर नुसता दगड नसतो. तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइडवर जगतात आणि त्यांच्यावर एक अख्खं जग पोसलं जातं. २००१ साली हिंदी महासागरातल्या ‘कैरेई’ झऱ्यांवर एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवले आहेत आणि त्या खवल्यांत लोखंडाचं सल्फाइड आहे. झऱ्यातला जो माल आपल्याला खनिज वाटतो, तो तिने अंगावर चढवलाय. त्याच महासागरातल्या ‘सॉलिटेअर’ नावाच्या झऱ्यांवर हीच गोगलगाय पांढरी असते, कारण तिथल्या पाण्यात लोखंड कमी आहे. २०१९ साली तिची नोंद धोक्यातल्या प्रजातींत झाली आणि कारण म्हणून खोल समुद्रातलं खाणकाम दिलं गेलं. तेव्हा तिची माहीत असलेली ठिकाणं अवघी तीन होती. चालू झऱ्यांना हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘विझलेले ढिगारे तर आहेत ना’ हा त्यावरचा प्रतिवाद, आणि तो वजनदार आहे. मात्र ते शोधणं अवघड. धूर नाही, ऊब नाही, वर गाळ. एक खूण कामाला येते: गरम पाण्याने बेसॉल्टमधले चुंबकीय कण नष्ट केलेले असतात, त्यामुळे यंत्र तळाच्या थोडं वरून फिरवलं, की जिथे कधीकाळी झरा होता तिथे चुंबकत्वाला पडलेलं भोक दिसतं.

समुद्राचं पाणी उघडं सल्फाइड हळूहळू गंजवून टाकतं, म्हणून हे ढिगारे मेल्यावर टिकत नसावेत, अशीही शंका होती. टॅगच्या परिसरातच काही जुने, थंड पडलेले ढिगारे आहेत. त्यांत भोकं पाडली, तेव्हा गाळाच्या थराखाली लालसर जास्परचा, म्हणजे सिलिकाच्या कठीण दगडाचा, काही मीटर जाड थर लागला. झरा विझता विझता बसलेला. आणि त्या झाकणाखाली सल्फाइड न गंजता तसंच होतं.